जागा बघायला

आमच्या भागात रविवारी कुणी अनोळखी माणूस चालताना दिसला की तो जागा बघायला आलाय असं सगळे धरूनच चालतात. जागा म्हणजे जमीन. घ्यायची, कुंपण घालायची आणि गेटवर कुत्रा बांधायचा. मी मात्र त्या रविवारी खरोखरच नुसती जागा बघायला गेले होते. डोंगर, पाणी, वारा. आणि हेच वाक्य मी नको त्या बाईला सांगितलं.

माणगावहून म्हसळ्याकडे जाताना एका फाट्यावर उतरून तासभर आत चाललं की धरण लागतं. धरण म्हणजे खरं तर भिंत, पण इथे पाण्यालाच धरण म्हणतात. पाणी अफाट आहे. वरच्या डोंगराच्या कडेकडेने तीन ठिकाणं अशी आहेत जिथून ते दिसतं. तिन्ही मला एका दिवसात करायची होती, एकटीने. जमिनी वाचवायच्या आमच्या संघटनेत कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वाटायला पत्रकं दिली असती. तरी पिशवीत दहा-वीस होतीच. जमिनी विकू नका, हे सांगणारी पत्रकं मीच लिहिते. ती पाण्याच्या बाटलीसारखी कायम बरोबर असतात.

पहिल्या ठिकाणी बोर्ड. ‘लेक व्ह्यू प्लॉट, बुकिंग चालू’, खाली मोबाईल नंबर. लेक! धरण बांधताना लोकांना सांगितलं होतं की पाणी तुमच्या शेताला येईल. शेतं अजून पावसाकडे तोंड करून बसलीयत आणि पाण्याचं मात्र बारसं झालं. मी फोटो काढला तो बोर्डाचा. पाण्याचा काढायचं लक्षातच आलं नाही.

दुसरं ठिकाण खिंडीत. तिथे सिमेंटचा नवा कोरा बाक, तोंड बरोबर पाण्याकडे. मी बाकाभोवती फेरी मारली. त्यावर नाव नव्हतं. आपल्याकडे बाक म्हटला की त्याच्या पाठीवर कुणाचे तरी वडील असतात, ‘यांच्या स्मरणार्थ’, नाहीतर कुठला तरी सदस्य असतो, ‘यांच्या प्रयत्नातून’. नाव न लिहिता बाक देतं कोण? ज्याला आपलं नाव कळू द्यायचं नाही तो. शेजारी मोटारसायकलवर दोघे बसले होते, ते मला बघून बोलायचे थांबले. मी बाकावर बसले नाही. थोडं पुढे जाऊन दगडावर बसले आणि पाव आणि अंड्याची पोळी खाल्ली. ते दोघे माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. एकटी मुलगी डोंगरात कशाला, हा त्यांचा संशय. माझे संशय जास्त होते.

तिसऱ्या ठिकाणाची वाट वाडीतल्या शेवटच्या घराच्या अंगणातून जाते. अंगणात एक बाई वालाच्या शेंगा निवडत बसली होती. पन्नाशीची असेल. शेजारी कोयता.

“एकल्याच?” तिने विचारलं.

“हो.”

“जागा बघायला आलाव?”

“हो, वरची. कड्यावरून छान दिसतं म्हणे.”

तिने सूप खाली ठेवलं. मला पाणी दिलं, पाटही दिला. फार गोड बोलली. मग म्हणाली, “त्या आंब्याच्या डाव्या अंगानं जा, ताई. सरळ वाट हाय.”

मी डावीकडून गेले. वाट उतरायला लागली. कड्यावर जायचं तर उतरायचं कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता, पण मी बाकाच्या विचारात होते. वाट आधी घसरडी झाली, मग करवंदीच्या जाळीत शिरली आणि तिथेच संपली. समोर दगडी घळ. पाणी कुठेच नाही. हाताला ओरखडे, ओढणी फाटली. माझं डोकं फिरलं. ही बाई कुणासाठी काम करते? वर असं काय चाललंय की मी ते बघू नये? कुंपण? खोदकाम? मी पत्रकाचा मथळासुद्धा मनात लिहून टाकला.

परत आंब्याशी आले आणि उजवीकडून चढले. दहा-पंधरा मिनिटांत कातळावर पोचले. कुंपण नव्हतं. खोदकाम नव्हतं. कातळाच्या टोकाला ती बाईच बसली होती, कोयता मांडीवर घेऊन. तिच्यामागे सगळं धरण पसरलं होतं, निळं आणि गप्प.

“डाव्या अंगानं सांगितलं व्हतं ना?” ती म्हणाली. आता आवाजात गोडवा नव्हता.

“खोटं सांगितलंत.”

“व्हय. समद्यास्नी त्येच सांगते.”

मी पिशवीतून पत्रक काढून तिच्यापुढे धरलं. मी घेणारी नाही, उलट विकू नका म्हणणारी आहे, असं जरा मोठ्यानेच सांगितलं. तिने पत्रक घेतलं. मजकुराकडे बघितलं नाही. वरचा फोटो बघितला. आम्ही धरणाचा छान रंगीत फोटो छापला होता.

“ह्यात तर समदंच दिसतं,” ती म्हणाली. “दीर दावतो त्यो फोटू बी असलाच.”

आणि मग ती मला ‘तू’ म्हणायला लागली, त्यावरून मी समजले की मी गिऱ्हाईक नाही हे तिला पटलं. हा कातळ, खालचा वालाचा तुकडा आणि तिचं घर, सगळी एकच जमीन. अर्धी तिच्या नावावर, अर्धी दिराच्या. दीर पनवेलला असतो आणि रविवारी माणसं पाठवतो. एक पक्कं गिऱ्हाईक मिळालं की सही करेन, असं तिने भावकीसमोर कबूल केलंय. करावंच लागलं.

“पक्कं गिऱ्हाईक मिळाया नको,” ती म्हणाली. “धरान दिसलं की मानूस पक्कं व्हतं. न्हाय दिसलं की करवंदी बघून घरला जातं.”

मला ते पटलं, पण माझा स्वभाव. मी सरळ विचारलं, “की भाव वाढायची वाट बघताय?”

“तू वकिलीन हाईस का गो?”

“नाही.”

“मग गुमान बस. आलीच हाईस तर बघून घे.”

मी बसले. आम्ही दोघी बराच वेळ पाणी बघत होतो. ती खरं सांगत होती की नाही, हे मला आजही छातीठोक सांगता येणार नाही. मी फोटो काढला नाही. तिने नको म्हटलं नव्हतं.

ती वरच थांबली, मी उतरले. आंब्याखाली एक नवरा-बायको उभे होते. खाली वाडीत पांढरी गाडी, हातात पाण्याची बाटली, पायात नवे बूट. नवरा हसून म्हणाला, “ताई, इथे वर जायची वाट कुठली? आम्ही जागा बघायला आलोय.”

“कसली जागा?”

“जागा हो. छान आहे म्हणतात.”

मघाशी अंगणात मी जे बोलले होते, जवळजवळ तेच. मी त्यांचे चेहरे बघितले. चेहऱ्यावरून काही कळत नाही, आम्ही पत्रकात काहीही लिहीत असलो तरी.

“आंब्याच्या डावीकडून,” मी म्हटलं.

फाट्यावर मी खूप वेळ बसले. रविवारी एसटीचं काही खरं नसतं. ऊन कललं तशी तीच पांढरी गाडी आली आणि थांबली. बायकोने काच खाली केली. “माणगाव? या की, एकट्या कुठे बसताय.” तिच्या बाहीवर काटे होते. मी मागे बसले. तिने मला चिक्की दिली.

पुढे नवऱ्याचा फोन स्पीकरवर होता. “नाही हो दादा, जागा काही कामाची नाही. करवंदी आणि दगड. पाणी कुठंय?”

“असं कसं साहेब,” पलीकडचा माणूस म्हणाला. “समोरच दिसतं धरण. वहिनी भेटली नाय का तुम्हाला?”

“घरात कुणी नव्हतं. थांबा, इथे एक ताई आहेत, त्याही जाऊन आल्यात.” त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. माणूस भला होता, मला गाडीत घेतलं होतं. “ताई, तुम्हाला दिसलं का हो वरून धरण?”

बायकोही मागे वळून बघायला लागली. चिक्की माझ्या तोंडातच होती.

“न्हाय,” मी म्हटलं.