मागच्या दाराशी फुलं

लंडनच्या नाट्यगृहात नायिकांना झगे चढवण्यात जन्म गेलेली ग्लेनिस विंगेच्या अंधारात नायिका इमोजेनच्या झग्याचे हूक लावत होती.

"ग्लेनिसबाई, नाटकात मला तळघरात कोंडणारा सरदार की त्याला पकडायला मला आमिष करणारा डॉक्टर, खरं प्रेम कुणाचं?"

"तुला काय हवंय, ते एका तरी मेल्याने विचारलं का?"

इमोजेन तिच्याकडे वळली. "मागच्या दाराशी तो माणूस आजही फुलं घेऊन उभाय. नको म्हटलं तरी येतो."

खेळ संपताच ग्लेनिसने आपला काळा कोट आणि टोपी तिला चढवली. झगेवालीकडे कोण बघतंय? इमोजेन त्याच्यासमोरून निघून गेली. मागाहून ग्लेनिस आली.

"तिला सांगा, मी जन्मभर थांबेन," तो म्हणाला.

"सरदारही रोज हेच म्हणतो," ग्लेनिस म्हणाली. "त्याच्यावर निदान पडदा तरी पडतो."