अंडीवाली आहे तोवर

कोळंबी पाळणाऱ्याकडे किस्से किती साठतात, ते कोळंबी खाणाऱ्याला कळायचं नाही. खाणाऱ्याचा विषय ताटात संपतो, आमचा वर्षानुवर्षं चालतो. मी दादरला चष्म्याच्या दुकानात काम करते, राहते करी रोडला, आणि घरी फ्रिजशेजारी काचेच्या टाकीत माझ्या नखाएवढ्या लाल कोळंब्या आहेत. गोड्या पाण्यातल्या, शोभेच्या. खायच्या नाहीत, हे मी दिवसातून एकदा तरी कुणाला तरी सांगतेच.

आमचा ग्रुप चौघांचा. मी, शिवडीच्या गोदामात माल चढवणारा पिंट्या, गिरगावच्या निवृत्त शिक्षिका लेले मॅडम आणि वरळीच्या बीडीडी चाळीतले कांबळेकाका. काका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, त्यामुळे आमच्यातले शास्त्रज्ञ तेच. रविवारी सकाळी परळला एका माशांच्या दुकानासमोर आम्ही जमतो. बहुतेक वेळा घ्यायचं काहीच नसतं. दुकानदाराला ते माहीत आहे, म्हणून तो आम्हाला स्टूल देत नाही.

*

मी पहिल्यांदा दहा कोळंब्या घरी आणल्या तेव्हा आईनं पिशवी उजेडात धरली. आई मालवणची. साठ वर्षं मुंबईत काढली, पण मासळी दिसली की तोंडातून मालवणीच येते.

"धाच? धांचा काय करतलंस? एका माणसाचा तिखला पण होवचा नाय."

"आई, ह्या पाळायच्या आहेत."

"पाळूक? आणि ह्येंका खावक काय घालतलंस?"

"पालक. उकडून, गार करून."

आईनं पिशवी माझ्या हातात परत दिली. मग म्हणाली, "माझ्या आख्ख्या आयुष्यात माका कोणी पालक उकडून, गार करून दिल्यान नाय."

तेव्हापासून मी पालक दोन वाट्यांत काढते. एक टाकीला, एक आईला. आणि आता बाजारातून खायची कोळंबी आणली की आई ती सोलायला बाहेर गॅलरीत बसते. आत जागा नाही का, असं मी विचारलं, तर म्हणते, "त्येंनी बघल्यानी तर काय वाटात?"

*

पिंट्या हा पन्नास किलोचं पोतं एका दमात खांद्यावर घेणारा गडी. एका मंगळवारी सकाळी त्याचा मला फोन. "ताई, काकांकडे ये. सगळी वाट लागली."

मी दुकानात उशिरा येते म्हणून सांगितलं आणि वरळीला गेले. काकांच्या खोलीत पिंट्या काडेपेटी हातात धरून बसला होता. पेटीत कापूस, कापसावर सात कोळंब्या. पांढऱ्या पडलेल्या, पारदर्शक. पोरगं आदल्या दिवसापासून जेवलं नव्हतं.

काकांनी भिंग घेतलं, एकेक उलटीपालटी करून पाहिली. "पिंट्या, ह्या मेलेल्या नाहीत. वाढल्या की जुनं कवच काढून टाकतात. हे त्यांचे कपडे आहेत."

"मग आतल्या?"

"तुझ्या घरी. जाऊन मोज."

कामाची वेळ सरल्यावर घरी जाऊन मोजल्या. सातच्या सात होत्या. पण खरा घोटाळा तोवर होऊन गेला होता. सुट्टी मिळावी म्हणून ह्यानं गोदामात शेटला "घरात मयत झालंय" असं सांगून ठेवलेलं. शेट भला माणूस. त्यानं दुपारी सांत्वनासाठी घरी फोन लावला, तो पिंट्याच्या आईनं उचलला. शेटनं हळू आवाजात विचारलं, "माई, कोण गेलं हो?"

माईंनी घरातली माणसं मोजली आणि म्हणाल्या, "सगळे आहेत. फक्त पिंट्या कामावर गेलाय!"

*

लेले मॅडमना स्वच्छतेचं भारी. म्हणून त्यांनी टाकीत फिल्टरचं, अगदी प्यायचं पाणी भरलं. त्यांच्या कोळंब्या मरायला लागल्या. काका म्हणाले, "मॅडम, एवढ्या शुद्ध पाण्यात काहीच नसतं. कवच कशाचं बनवणार त्या? अंड्याची टरफलं धुऊन, वाळवून, बारीक करून टाका."

मॅडमच्या घरात सात पिढ्यांत अंडं आलेलं नाही. पण कोळंब्यांचा प्रश्न होता. संध्याकाळी त्या इस्त्रीची साडी नेसून, गल्लीच्या तोंडाशी भुर्जीपावच्या गाडीवर गेल्या. रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर म्हणाल्या, "अंडं नको. फक्त टरफल द्या."

गाडीवाला बघतच राहिला. "आजी, अंदर का मैं क्या करूँ?"

"ते तुम्ही ठरवा," मॅडम म्हणाल्या.

आता गाडीवर एका खिळ्याला रोज एक पिशवी टांगलेली असते. धुतलेली टरफलं, गाठ मारून. कुणी हात लावला की तो ओरडतो, "ए, वो टीचर का है।" परवा मॅडमना ताप होता तर पिशवी घरपोच आली. वर विचारपूस. मॅडमनी त्याला दारात उभं नाही ठेवलं, आत बोलावून चहा दिला. मॅडमच्या घराचा उंबरा मला माहीत आहे, म्हणून सांगते, ही साधी गोष्ट नाही.

*

आता काकांचं सांगते.

काका जन्मले त्याच खोलीत राहत होते. दुसरा मजला, खिडकीपाशी लोखंडी खाट, वर बुद्धांची छोटी मूर्ती, खाली टाकी. संडास पॅसेजच्या टोकाला. सुमनकाकूंचे गुडघे पार गेलेले. एक फेरी मारायची तर भिंत धरून, तीनदा थांबून. गेल्या वर्षी त्यांना नव्या टॉवरमधल्या घराची चावी मिळाली. चौदावा मजला, लिफ्ट, घरातच बाथरूम. काकूंनी चावी पदराला बांधली आणि त्याच दिवशी डबे भरायला काढले.

काका म्हणाले, "जाऊ की. पण ती बघ, अंडीवाली आहे. पोटाखाली अंडी घेऊन फिरतेय बिचारी. अशात हलवली तर टाकून देईल. पिल्लं सुटू दे, मग जाऊ."

काकूंनी डबे पुन्हा फळीवर ठेवले.

पिल्लं सुटली. तोवर दुसरी अंडीवाली झाली. मग तिसरी. कोळंब्यांचं असंच असतं हो. टाकी जमली की कुणी ना कुणी अंड्यावर असतंच. आम्हा तिघांनाही ते माहीत आहे, आणि काकांना तर आमच्याआधी माहीत. पण कुणी बोललं नाही. शेजारची बिऱ्हाडं एकेक करून गेली. पॅसेजमध्ये दिवसासुद्धा चपलांचा आवाज घुमायला लागला. काका रोज टाकीसमोर बसून म्हणायचे, "अजून थोडे दिवस."

*

एका दुपारी सुमनकाकू आमच्या चष्म्याच्या दुकानात आल्या. टॅक्सी करून, एकट्या. चष्म्याची काडी सैल झालीय म्हणाल्या. मी स्क्रू घट्ट केला. तरी उठेनात.

"ज्योती, एक विचारू? त्या अंडीवालीला सुटायला किती दिवस लागतात गं?"

"तीन आठवडे काकू. फार तर चार."

काकूंनी बोटांवर मोजलं. "म्हणजे ही चौथी."

मी म्हटलं, "तुम्ही काकांना स्पष्ट का नाही सांगत?"

"काय सांगू? त्यांची आई त्याच खोलीत गेली. आमचं लग्नानंतरचं सगळं तिथेच. माणूस रडू शकत नाही म्हणून कोळंबीचं नाव सांगतो, तर सांगू दे. पण माझे गुडघे अंडी मोजत नाहीत गं. काल पॅसेजमध्ये बसकण मारली मी. हाक मारायला शेजारी कुणी नाही. अर्धा तास तशीच होते."

हे त्यांनी काकांना सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, आणि वर बजावलं, "त्यांना कळू देऊ नकोस."

मी काकांना नाही सांगितलं. पण पिंट्याला आणि लेले मॅडमना सांगितलं. इतकं पोटात ठेवायला मी काही देवमाणूस नाही.

*

पुढच्या रविवारी आम्ही तिघं परळला न थांबता थेट काकांच्या खोलीवर. काकू दाराशी मेथी निवडत बसलेल्या. पिंट्या म्हणाला, "काका, टेम्पो माझा. माणसं माझी. कधी जायचं बोला."

"अरे, अंडीवाली..."

"आहे का पण आता? मॅडमना बघू दे."

काकांनी भिंग मॅडमच्या हातात दिलं. मॅडम खाली वाकल्या. टाकीत अगदी समोर, काचेला चिकटून, एक ठसठशीत अंडीवाली बसलेली. पिवळी अंडी पोटाखाली गच्च. मला उभ्या जागेवरून दिसत होती, पिंट्यालाही दिसत होती. लेले मॅडम म्हणजे वर्गात खडूचा तुकडा सापडला तर कुणाचा ते विचारत फिरणारी बाई. त्यांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, सरळ उभ्या राहिल्या.

"नाही हो. एकही नाही."

"नीट बघितलंत?" काकांनी विचारलं.

"छत्तीस वर्षं पेपर तपासलेत, कांबळे."

काकांनी स्वतः टाकीकडे पाहिलं. त्यांचे डोळे मीच तपासते, लांबचं-जवळचं दोन्ही ठणठणीत आहे. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. काकू एक हात गुडघ्यावर दाबून, दुसऱ्या हातानं मेथीची जुडी सोडत होत्या.

"मॅडम म्हणतात म्हणजे नसेलच," काका म्हणाले. "पिंट्या, रविवारचा टेम्पो सांग."

मॅडम आमच्या पुढे होऊन जिना उतरल्या. खाली आल्यावर म्हणाल्या, "उत्तर येत असून चुकीचं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा." मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो टॅक्सी मिळेपर्यंत सोडला नाही.

*

शिफ्टिंगच्या दिवशी सगळ्यांचं सामान कसं निघतं? आधी कपाट, मग गाद्या. काकांचं आधी पाणी निघालं. टाकीतलं जुनं पाणी, बारा कॅन! पिंट्यानं ते टॉवरच्या लिफ्टमध्ये चढवले तेव्हा वॉचमन म्हणाला, "काका, इथे पाणी चोवीस तास येतं."

"येऊ दे," काका म्हणाले, आणि बादली छातीशी धरून लिफ्टमध्ये शिरले. अंडीवालीसाठी आत वेगळा डबा होता. म्हणजे बघा.

*

आणि हा शेवटचा किस्सा, सहा दिवसांनंतरचा. काकूंचा फोन आला, "जरा या गं सगळे."

घर छान. ऊन भरपूर. टाकी हॉलमध्ये, कोळंब्या मजेत, अंडीवालीची अंडी शाबूत. काका मात्र आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून आडवे.

काकूंनी आम्हाला स्वयंपाकघरात नेलं. "आल्या दिवसापासून असेच आहेत. आत दिलं तर जेवतात. बाहेर येत नाहीत. टाकीकडेसुद्धा बघत नाहीत, पालक मी टाकते. मी चूक केली का गं? माझ्या पायांसाठी त्यांना उपटून आणलं का?" आणि त्या रडायलाच लागल्या. पहिल्यांदाच पाहिलं त्यांना रडताना.

पिंट्या दाराशी जाऊन म्हणाला, "काका, खाली गार्डन आहे, चला ना." आतून आवाज आला, "बरं वाटत नाही रे." मॅडम गेल्या, मी गेले. आम्हालाही तेच उत्तर.

आम्ही परत येऊन हॉलमध्ये बसलो. काकूंनी पदरानं तोंड पुसलं, उठल्या आणि आतून पितळी तांब्या घेऊन आल्या. टाकीसमोर उभ्या राहिल्या. आता, नळाचं ताजं पाणी थेट टाकीत ओतलं की त्यातल्या औषधानं कोळंबी मरते, ते आधी दिवसभर बादलीत ठेवावं लागतं. पाळणाऱ्याच्या घरात हे पोराटोरांनाही माहीत असतं, आणि काकूंनी तर वर्षानुवर्षं ती बादली ओलांडलीय.

काकू मोठ्यांदा म्हणाल्या, "ज्योती, टाकीतलं पाणी खाली गेलंय गं. नळ जोरात येतोय, तेच ओतते."

आत खाट करकरली.

"एक तांब्या ओतला की झालं," काकू आणखी मोठ्यांदा.

"सुमन, थांब!" काका बाहेर. बनियनवर, सहा दिवसांची दाढी, अनवाणी. तीन ढांगांत हॉल ओलांडला आणि काकूंचं मनगट पकडलं. "अगं, काय करतेस? मरतील सगळ्या. एवढी वर्षं झाली, तुला अजून कळत नाही?"

"नाही कळत," काकू म्हणाल्या. "तुम्ही बघत जा."

काकांनी त्यांच्या हातातून तांब्या काढून घेतला आणि आत पाहिलं.

तांब्या कोरडा होता.