भिंत चाखणारे खंदारे

खंदाऱ्यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते भिंत खात होते.

मीरा रोडला एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघरात. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी आणि माझे यजमान घर बघायला गेलो होतो. खिडकीशी एक पन्नाशीचे गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायजमा, पायांत जाड चपला. त्यांनी खिशातून एक लांब खिळा काढला, भिंतीचा गिलावा थोडासा खरवडला, तळहातावर घेतला आणि जिभेवर ठेवला. मग डोळे मिटून ते थांबले. देवळात तीर्थ घेतल्यावर माणूस क्षणभर थांबतो, तसे. नंतर रुमालात थुंकले आणि रुमालाची नीट घडी घालून तो खिशात ठेवला.

बिल्डरचा माणूस दारात उभा होता. तो हसून म्हणाला, "अरे चाचा, दीवार है, चटनी नहीं है!"

"चटनी में नमक जादा है, सेठ," खंदारे म्हणाले आणि जिना उतरू लागले.

मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. अनोळखी माणसाशी आपणहून बोलणं माझ्या स्वभावात नाही. पण कुतूहल मला आवरेना. मी जिन्यात त्यांना गाठलं आणि विचारलं, "तुम्ही काय बघत होता?"

त्यांनी मला एकदा नीट पाहिलं. "ताई, घर घेताय का हितं? नका घेऊ. खारट हाय." मग उतरता उतरता समजावलं. खाडीची रेती स्वस्त पडते. ती गोड्या पाण्यानं धुवावी लागते, पण इथं प्यायलाच पाणी टँकरनं येतं, तर रेती कोण धुणार? ती तशीच सिमेंटात जाते. "गिलाव्यात जी रेती, तीच स्लॅबात. मीठ लोखंड खातं. आवाज न करता खातं. धा-बारा वर्सं काय बी कळत न्हाई, आन मग एक दिवस छप्पर खाली येतं."

"आणि चांगली भिंत कशी लागते?" मी विचारलं.

"चांगल्या भिंतीला चवच नसती, ताई."

खंदारे जालन्याकडच्या एका खेड्यातले. तरुणपणी मुंबईला आले, गवंड्यांच्या हाताखाली राहून गवंडी झाले आणि गिलाव्यात त्यांचा हात बसला. आता गुडघे धरायला लागल्यामुळे परांचीवर चढणं बंद झालं होतं. आठवडाभर एका गोदामावर देखरेख करायचे आणि रविवारी घरं बघत फिरायचे. त्यांच्या गावाकडची, नात्यातली, विहारात ओळख झालेली माणसं घर घ्यायची म्हटलं की आधी खंदाऱ्यांना न्यायची. मोबदला म्हणाल तर चहा, तोही बिनसाखरेचा. "गोड खाल्लं की जीभ खोटं बोलती," असं ते म्हणायचे.

आम्हाला घराची निकड होती. गिरगावातल्या दोन खोल्यांत सासू-सासरे, दीर आणि चार वर्षांच्या लेकीसह आम्ही. दिराचं लग्न ठरलेलं. उन्हाळ्याच्या आत आम्ही वेगळं व्हायचं, हे कोणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. मुंबईत घर परवडण्यासारखं नव्हतं. जे परवडत होतं ते सगळं खाडीपलीकडे, मिठागरांच्या कडेला उभं राहत होतं. तेव्हा आम्हीही खंदाऱ्यांच्या मागे फिरू लागलो. नऊ रविवार फिरलो.

त्यांची बघण्याची रीत मी वहीत उतरवून ठेवली होती. आधी इमारत बघायची नाही, रेतीचा ढीग बघायचा. त्यात बारीक शिंपले दिसले की परत फिरायचं. मग पहारेकऱ्याला तंबाखू द्यायची आणि गप्पा मारायच्या. शेजारची इमारत जुनी असेल तर तिच्या तळमजल्यावरच्या बाईला विचारायचं की श्रावणात धान्याला जाळी धरते का. "सँपल फ्लॅट म्हंजी दाखवायच्या दिवशीचा नवरदेव. त्यो कुटं खरा असतोय? नवऱ्याचं घर बघायचं तर मोरी बघावी." प्रत्येक ठिकाणी शेवटी खिळा निघायचा. मग खरवड माझ्यापुढे धरून ते म्हणायचे, "चाखा ताई. पुस्तकात न्हाई घावायचं हे."

मी एकदाही चाखलं नाही. लाज वाटायची. ते हसून स्वतः चाखायचे.

सहाव्या का सातव्या रविवारी पाय दमले म्हणून ते आम्हाला आपल्या घरी घेऊन गेले. नया नगरच्या वाटेवर चार मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. घर आरशासारखं लख्ख. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर. आणि तसबिरींच्या खाली, दोन्हीकडे, भिंतीला लोणा लागलेला, पिठासारखा पांढरा. मी बसायला पुढे सरकले तशी त्यांची बायको कौसल्याबाई चटकन म्हणाल्या, "तिकडं नको ताई, रेघंच्या अलीकडं बसा."

खाली पाहिलं तर फरशीवर खडूनं आडवी रेघ मारलेली. वरच्या स्लॅबला तांबूस ओघळ होते आणि एका कडेला सळई उघडी पडली होती. खंदारे दर महिन्याला काठीनं छत ठोकायचे, आवाज कुठे पोकळ येतो ते ऐकायचे आणि रेघ सरकवायचे. रेघेपलीकडे कोणी झोपायचं नाही, पाटा-वरवंटा ठेवायचा नाही, उभंही राहायचं नाही.

"हे घर घेताना नाही का चाखलंत?" यजमानांनी विचारलं.

कौसल्याबाई खो खो हसल्या. "चाखायचं कशाला? ह्यांनीच तर बांधलंय!"

ते खरं होतं. या इमारतीचा गिलावा खंदाऱ्यांनी स्वतःच्या हातानं केला होता. आपल्या हातची भिंत म्हणून विश्वासानं इथंच घर घेतलं. रेती खाडीची होती ते दिसत होतं, पण त्यानं काय होतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं. थोरल्या लेकीची पोर माहेरपणाला आली की रांगत जाऊन भिंतीला चाटायची. तिला का आवडतं म्हणून त्यांनी एकदा बोट लावून पाहिलं आणि चव लागली ती आपल्याच कामाची. "नातीनं शिकवलं मला," ते म्हणाले.

"मग विकून टाका ना."

"इकतोय की," कौसल्याबाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक आलं की हे आधी त्याच्या हातात खिळा देत्यात. असं कुणी घर इकतं का?"

तेव्हा मला कळलं की खंदारे रविवारी लोकांसाठी फिरत होते, तसेच स्वतःसाठीही फिरत होते. धाकट्या लेकीला, सुजाताला, इस्पितळात परिचारिकेची नोकरी लागली होती, तिच्या पगारावर बँक कर्ज देणार होती. रेघ मात्र दाराकडे सरकत होती.

नवव्या रविवारी ती इमारत सापडली. मीरा रोडलाच, पूनम सागरच्या बाजूला तेव्हा बरीचशी खाजणंच होती. तिथल्या एका गल्लीत तीन मजल्यांची लहानशी इमारत. रेतीच्या ढिगाला नदीचा वास होता, असं खंदारे म्हणाले. दुसऱ्या मजल्यावर एकच घर शिल्लक होतं. खंदाऱ्यांनी स्वयंपाकघरात, ओट्याच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीवर खरवडलं. जिभेवर ठेवलं. इतका वेळ डोळे मिटून राहिले की मला काळजी वाटली. मग हलकेच म्हणाले, "सात वर्सांत पैल्यांदा."

ते घर त्यांचं होतं. हे आम्ही न बोलता मान्य केलं होतं. आम्ही नुसते सोबत म्हणून खालच्या ऑफिसात गेलो.

टेबलामागच्या माणसानं वही उघडली. "नाम?"

"खंदारे."

"पूरा नाम?"

"उत्तम तुकाराम खंदारे."

"गाँव किधर?"

त्यांनी सांगितलं. त्या माणसानं वहीत काही लिहिलं नाही. पेनाचं टोपण लावलं. "वो तो कल ही बुक हो गया, चाचा. पार्टी का फोन आया था." मग तो आमच्याकडे वळला. "और आप?"

यजमानांनी आमचं आडनाव सांगितलं.

"अरे, बैठिए ना साहब. आपके लिए देखते हैं. दूसरे माले पे एक है."

तेच घर. खंदारे उठले, दाराशी काढलेल्या चपला पायांत घातल्या आणि बाहेर जाऊन उभे राहिले. यजमान त्या माणसाला काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, आवाज चढला होता एवढं आठवतं. मी खुर्चीत बसूनच राहिले.

बाहेर खंदारे दुकानाच्या फळीवर चहा पीत होते. "आदी नाव इचारत्यात, मग भाव सांगत्यात," ते म्हणाले. "चौथ्यांदा झालं हे. तुमी घ्या ताई."

"असं कसं घेऊ?"

"भिंत चांगली हाय. भिंतीनं थोडंच नाव इचारलं मला?"

आम्ही नाही म्हटलं आणि घरी आलो. पुढच्या रविवारी ते गिरगावात आमच्या दारात हजर. कागदाच्या पुडीत त्या भिंतीची खरवड होती. पुडी माझ्या हातात ठेवून म्हणाले, "मला मिळणार न्हाई. तुमी न्हाई घेतलं तर तिसराच कुनीतरी घेईल. माझ्या वळखीचं मानूस चांगल्या छताखाली ऱ्हाईल, येवढं तरी होऊ द्या."

आम्ही ते घर घेतलं. हे चार शब्दांचं वाक्य कागदावर उतरवायला मला दहा वर्षं लागली.

खंदारे येत राहिले. आमच्या लेकीला नावानं हाक मारायचे, माझ्या कपाटातली पुस्तकं हाताळायचे, "ह्यात कुटं गिलावा हाय का?" म्हणून थट्टा करायचे. त्या घराचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मीही काढला नाही. त्यांची रविवारची फिरती चालूच होती.

चार वर्षांनी, भर दुपारी, त्यांच्या घराचं छत खाली आलं. रेघेच्या पलीकडे आलं. कौसल्याबाई अलीकडे तांदूळ निवडत बसल्या होत्या. तांदळात धूळ गेली, बाकी कुणाला काही झालं नाही. नगरपालिकेनं इमारत रिकामी करायला लावली. संध्याकाळी तिघं आमच्याकडे आले, हातात तसबिरी आणि दोन ट्रंका.

ते आमच्याकडे सात आठवडे राहिले. पहिल्या दिवशी मी बाहेरच्या खोलीत गाद्या घातल्या. खंदारे बराच वेळ छताकडे बघत उभे होते. मग त्यांनी गादी भिंतीपासून ओढून खोलीच्या बरोबर मध्यावर घेतली आणि हातपाय पसरून आडवे झाले. "किती वर्सांनी मदी झोपतोय," म्हणाले. थोड्या वेळानं घोरू लागले. स्वयंपाकघरात मी आणि कौसल्याबाई ओट्याशी उभ्या होतो. त्यांची नजर ओट्याच्या बाजूच्या त्या खाचेकडे गेली. मी भाजी चिरत राहिले.

पुढे सुजातानं नालासोपाऱ्याला घर शोधलं. आवारात पाणी नव्हतं, रस्ता नव्हता, पण नाव विचारलं नव्हतं. खंदाऱ्यांनी भिंत चाखली आणि पत्रात मला लिहिलं, 'जरा खारट हाये पन चालंल. रेघ मारायला अजून दहा वर्सं हायेत.'

ती दहा वर्षं खंदाऱ्यांनाच मिळाली नाहीत. गेल्या महिन्यात सुजाताचा फोन आला. झोपेतच गेले. छताला अजून एकही ओघळ नाही, असं तिनं आपणहून सांगितलं. दिवसकार्य नव्हतं, बुद्धवंदना होती, तिला आम्ही जाऊन आलो. निघताना सुजातानं तो खिळा मला दिला. "बाबा म्हणायचे, ताईंना द्या. त्यांनी कधी चाखलं नाही."

आमच्या घराला दोनदा रंग झाला. दोन्ही वेळा रंगाऱ्यानं ओट्याच्या बाजूची खाच दाखवून विचारलं, "बाई, हे भरू का?" दोन्ही वेळा मी नको म्हटलं आणि कारण सांगितलं नाही.

काल दुपारी घरात कोणी नव्हतं. मी ओट्याशी जमिनीवर बसले. खाचेत खिळा फिरवला, खरवड तळहातावर घेतली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. ते थांबायचे तितका वेळ थांबले.

कसलीच चव नव्हती.