दाजींची पाहणी

आमच्या दाजींइतका आडमुठा माणूस कृषी खात्यात दुसरा झाला नसेल, आणि झालाच असेल तर त्याच्या मेहुण्याचंही डोकं माझ्यासारखंच फिरलं असेल. उभी नोकरी मंडळ कृषी अधिकारी म्हणून काढली, पण खुर्चीत बसून एक पंचनामा केला नाही! बाकीची मंडळी शेताच्या धुऱ्यावर चहा प्यायची आणि हे महाशय फूटपट्टी घेऊन चिखलात उकिडवे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजाऱ्याला विचारायचे, "घरचं सोयाबीन पेरायलाव का? शंभर दाणे ओल्या पोत्यात ठिवून किती उगवले ते मोजलं का?" तो बिचारा हातातली जिलेबी खायचं विसरायचा.

एका वर्षी वालूरकडे सोयाबीन उगवलंच नाही. बियाणं विकणाऱ्यांनी वरपर्यंत सगळ्यांचे हात ओले केले. साहेब दाजींना म्हणाले, "शेतकऱ्यांनी खोल पेरलं, असं लिहून टाका. बढतीच्या यादीत नाव आहे तुमचं." बढती म्हणजे परभणी. माझ्या बहिणीने, अक्काने, तिथल्या घरासाठी पडदेही शिवून ठेवले होते. पण दाजी म्हणाले, "साहेब, मी सगळी रानं उकरून पाह्यली. पेरणी बरूबर हाय, बियाणंच खराब हाय." आणि तसंच लिहिलं. झालं! बढती गेली, बदली पालमला, पडदे ट्रंकेत. मी अक्कासमोरच त्यांच्यावर ओरडलो, "एक ओळ लिवली असती तर हात झडले असते का?"

"त्या लोकायला दुबार पेरावं लागलं रे," दाजी म्हणाले. "वरून चूकबी त्यायचीच म्हनू?"

पालमलाच निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्याच साहेबांनी 'प्रामाणिक' हा शब्द चारदा वापरला. मी मागे बसून दातओठ खात होतो.

यंदा पेरण्या झाल्या तरी दाजी अंगणात नुसते बसून. रानाकडे चक्कर मारा म्हटलं, तर म्हणे, "बिनबोलावता दुसऱ्याच्या रानात कसं शिरावं? आता मी कोन?" मी ठोकून दिलं, "माझं सोयाबीन लय विरळ उगवलंय, बघायला या."

लगेच आले. ओळीन् ओळ पाहिली आणि कडाडले, "रान गच्च भरलंय की! खोटी तक्रार करायलास? लाज वाटत न्हाई?"

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांचा आवाज असा चढला होता. मी मान खाली घालून म्हणालो, "खालच्या वावरातबी विरळच हाय, दाजी."

"चल, दाखीव," म्हणत ते तणतणत पुढे निघाले.