डोक्यावरचा हात

आमच्या घरात कर्ता पुरुष मीच. फक्त घर बायकोच्या नावावर, गाडी बायकोच्या नावावर, आणि अमेरिकेत मी आलो तोही तिच्याच व्हिसावर. ती सॉफ्टवेअरवाली. मी नववी नापास, इथे अर्विंगला एका हॉटेलात डोसे घालतो.

शेजारचा गोरा मॉर्मन आहे, म्हणजे ख्रिश्चनांतल्याच एका कुटुंबवत्सल पंथाचा. पाच पोरं. सोमवारची संध्याकाळ त्यांच्याकडे फक्त घरच्यांची, फोन बाजूला. त्याने मला एकदा समजावलं, की देवाने बापाला घराचा प्रमुख केलंय, पोरं वाढवायचं मुख्य काम आईचं, आणि दोघांनी बरोबरीने एकमेकांना मदत करायची. मला पहिलं वाक्य फार पटलं. बायकोला जाऊन सांगितलं.

"बरं प्रमुख," ती म्हणाली, "कचऱ्याचा डबा बाहेर ठेवा. सकाळी गाडी येते."

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या सोमवारी आमची पोरगी त्यांच्याकडे गेली होती, त्यांची मुलगी हिची मैत्रीण, म्हणून हिलाही ते घरचीच धरतात. मी आणायला गेलो, तर शेजारी एकेका पोराला खुर्चीवर बसवत होता. आधी वाकून हळूच काहीतरी बोलायचा, मग डोक्यावर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून आशीर्वाद द्यायचा. थोरला, मिसरूड फुटलेला, तोही गप बसला होता. आणि माझी पोरगी त्या बापाकडे टक लावून बघत होती. माझ्याकडे ती बघते ते वायफाय बंद पडल्यावर.

असा जळलो, की माझ्यावर डोसा झाला असता. वर देवाने त्या माणसाला केसही दाट दिलेत.

घरी आल्या आल्या खुर्ची ओढली. "बस. मी पण देतो."

"बाबा, प्लीज."

"बस गं."

बसली. मी दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले. पुढे काय बोलायचं ते सुचेना. शेवटी म्हणालो, "देवा, हिला हाय स्कूलमध्ये पास कर, अभ्यासात बापावर जाऊ देऊ नकोस." स्वतःच हसलो. ती हसली नाही.

"कसं झालं? त्याच्याइतकं जमलं ना?"

ती केस झटकत उठली. "तुझ्या हाताला कांद्याचा वास येतो. आणि अंकल आधी विचारतात, कशाची भीती वाटते. तू विचारलंच नाहीस."