क्लच नसलेल्या गाडीतली पालखी

मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी, १९८७. रक्कम साडेनऊ हजार रुपये. हजर: मी, माझी पत्नी आणि बाळा मिस्त्री. जागा मुलुंडला आमच्या इमारतीमागची पत्र्याची शेड.

वडिलांच्या जुन्या अमेरिकन गाडीतून आमच्या कॉलनीतल्या दत्ताच्या पादुका दरवर्षी जयंतीला मिरवतात. आधी वडील चालवायचे, नंतर मी. आदल्या वर्षी मला अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, डावा पाय अधूच राहिला. पालखीच्या चालीने गाडी न्यायची म्हणजे दर चार पावलांना क्लच दाबायचा, आणि तेच मला जमेना. मंडळाने टेम्पो ठरवायची भाषा सुरू केली. देवावर माझा राग नव्हता, पण इतक्या वर्षांच्या सेवेचा हा हिशेब मला लागत नव्हता. मंदिरात जाणंही हळूहळू सुटलं.

कुर्ल्याच्या भंगारात बाळाला एका परदेशी गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळाला, ओव्हरड्राइव्हवाला. क्लच नाही, शिवाय लांबच्या रस्त्यावर वरच्या गिअरला पेट्रोल कमी खातो. पेट्रोलचा आकडा मी पत्नीला मांडून दाखवला. ती म्हणाली, "अहो, माणसं स्वतःच्या पायावर औषध करतात. तुम्ही गाडीलाच नवा पाय लावताय." पण बॉक्सचे साडेनऊ हजार तिनेच काढून दिले.

जुन्या इंजिनाला नवा बॉक्स जुळावा म्हणून बाळाने विक्रोळीला लेथवर मधली प्लेट करून घेतली होती. त्या दिवशी जॅकवर बॉक्स वर चढवला, तर इंजिन आणि बॉक्समध्ये बोटभर फट राहिली. काही केल्या मिटेना. जयंती दोन दिवसांवर आली होती.

"बोल्टांनी ओढून घेऊ काय रे?" बाळा खालून म्हणाला.

"ओढ बाबा. बसल्याशी मतलब," मी म्हणालो.

त्याने पाना लावला आणि तेवढ्यात शेडच्या दारात एक अनोळखी बाई उभी राहिली. हातात स्टीलचा डबा. "वझ्यांचं घर हेच ना?"

"वझे पलीकडच्या बिल्डिंगमध्ये," पत्नी म्हणाली.

"मग असू दे, तुम्हीच घ्या. सप्ताहाचा शिरा आहे, गरम आहे तोवर खा. पण हात धुवा हो आधी, प्रसाद आहे." डबा ठेवून त्या गेल्यासुद्धा.

मी मनातून चिडलो. ग्रीसचे हात धुवायचे म्हणजे रॉकेल, मग साबण, मग पुन्हा साबण. बाळा मात्र पाना ठेवून उठला. "प्रसादाक नाय म्हणू नये," म्हणाला. शिरा खाऊन तो परत गाडीखाली गेला आणि हात स्वच्छ आहेत तर एकदा चाचपून बघू म्हणून त्याने जॅक जरासा उतरवला. क्लचच्या जागी तेलाने भरलेला एक गोल डबा बसतो, तो हाताने फिरवला. आत खट् झालं आणि डबा आपणहून आत सरकला. बॉक्स पुन्हा वर चढवला, तेव्हा फट उरली नव्हती.

बाहेर आल्यावर बाळा म्हणाला, "ओढला असता तर आतला पंप फुटला असता. वाट लागली असती आपली. ह्याचा पार्ट हिंदुस्थानात नाय."

जयंतीच्या संध्याकाळी पादुका मागच्या सीटवर ठेवल्या. माझा डावा पाय सवयीने क्लच शोधत होता. तिथे काही नव्हतं. उजवा पाय मी ब्रेकवरून नुसता उचलला आणि गाडी भजनाच्या चालीने आपली आपण चालू लागली. मला करायला काही उरलंच नव्हतं. समोरचा रस्ता मला थोडा वेळ नीट दिसला नाही. जो पाय गेला म्हणून वर्षभर मी कुढलो, त्याचं तिथे कामच नव्हतं. चालवणारा मी आहे, ही समजूतही त्या संध्याकाळी बरीच सैल झाली.

बाई कोण, याची चौकशी केली. डब्यावर नाव कोरलेलं होतं, त्यावरून सापडल्या. मागच्या गल्लीत नव्याने राहायला आल्या होत्या आणि पत्ता चुकल्या होत्या, इतकंच. याला चमत्कार म्हणायचं का, हे मी ठरवत बसलो नाही. मंदिरात मात्र पुन्हा जाऊ लागलो.

बाळाला मजुरीचे ठरलेले बाराशे दिले. बाईंचा डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणून पत्नीने त्यात पाव किलो साखर घातली आणि तो मी स्वतः चालत नेऊन दिला.