कुलूपवालंच पाहिजे

सुलतानबीच्या कपाटातलं पुस्तक कुणालाही फुकट मिळायचं. अट एकच. परत करायला स्वतः यायचं आणि गोष्ट कशी वाटली ते चहा पिता पिता सांगायचं.

दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या बायका वर्षानुवर्षं ही अट पाळत आल्या. पण कुणाच्या नवऱ्याची बदली झाली, कुणी मोबाइलात रमली. सुलतानबीचा नवरा मेहमूद गेला, लेक निखत पुण्याला स्थिरावली. पुस्तक बदलायला येणारी उरली एकच, पाटसची अनसाबाई. बाजाराला आली की पिशवी दारात आपटून ओरडायची, "ए बी! ह्यातली सासू माझ्या सासूपरीस बरी हाय गं!"

आता सुलतानबीला छापील अक्षरं दिसेनाशी झाली. म्हणून सुट्टीला आलेली निखत तिच्यासाठी वाचायचं यंत्र शोधत बसली होती.

"पीडीएफ नको हं अम्मी. ते पानाच्या फोटोसारखं. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर पळते. ईपबमध्ये ओळी आपोआप नीट बसतात."

"पळणारी नकोच बाई. मला कुठं पळाया येतंय?"

"आता ही दोन यंत्रं बघ. पहिल्यात त्यांच्याच दुकानाची पुस्तकं, आणि पुस्तकांना कुलूप. विकत घेतलंस तरी तुझ्या खात्याबाहेर उघडणार नाही."

"आन् दुसरं?"

"त्यात बिनकुलपाचं ईपब कुठूनही आणून टाकता येतं. मराठी पुस्तकं तशी कमी मिळतात, पण मिळालं की अनसामावशीला फोनवरसुद्धा पाठवता येईल. घरबसल्या पोचेल."

"म्हंजी तिला यायची गरजच न्हाई?"

"अजिबात नाही!" निखत खुशीत म्हणाली.

सुलतानबीनं पदराला हात पुसले. बराच वेळ पुसले.

"पहिलं मागव."

"अगं, लोक कुलपाच्या नावानं बोटं मोडतात, आणि तू मुद्दाम..."

"कुलूप असलं की तिला हितं येऊनच वाचावं लागंल ना?"

निखतनं आईकडं पाहिलं नाही. पहिलं यंत्र मागवलं आणि संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेली.

यंत्र आलं. पहिली कादंबरी त्यात उतरली. सुलतानबीनं अनसाबाईला फोन लावला.

"नवीन पुस्तक घेतलंय गं! पर पाठवता येत न्हाई. लॉक हाय. हितंच ये."

"कशी येऊ बी? गुडघा धरलाय. सून उंबरा वलांडू देईना."

"बाजाराला?"

"बाजार आता नातू करतो." पलीकडं भांड्यांचा आवाज आला. मग अनसाबाई म्हणाली, "असं कर, तूच वाच की मोठ्यानं. मी ऐकते."

"फोनवर?"

"मग? त्येला बी लॉक हाय का?"

सुलतानबीनं चहाचं आधण उतरवलं. अक्षर मोठं केलं, आणखी मोठं केलं, आणि वाचायला लागली. एक पान झालं, दुसरं झालं. रिकाम्या खोलीत स्वतःचाच आवाज तिला परका वाटायला लागला. ती थांबली.

"अनसा? हाईस का गं?"

"हाय की. म्होरं वाच."

"चहा घेतलास?"

"मघाच झाला माझा."

सुलतानबीनं पान उलटलं.